गोव्यात भाड्याची मोटार

गोव्याला आमच्याकडची मंडळी दोन कारणांनी जातात. कोणाचे कुलदैवत फोंडा तालुक्यात असते, तर कोणाला समुद्र हवा असतो. एकाच कुटुंबात दोन्ही पक्ष नांदत असले, म्हणजे सकाळी मंगेशी, मार्दोळ, कवळे आणि संध्याकाळी हरमलचा किनारा असा बेत ठरतो. आणि बसच्या वेळापत्रकात तो काही बसत नाही. टॅक्सी करावी तर ती देवळापाशी थांबवून ठेवायची, खाणावळीपाशी थांबवून ठेवायची, आणि आरतीच्या वेळीसुद्धा घरच्या कर्त्या पुरुषाचे लक्ष घड्याळाकडे! म्हणून गेली काही वर्षे गोव्यात उतरलो की मी मोटार भाड्याने घेतो आणि स्वतःच चालवतो. दिवाळी आटोपली की वाचकांपैकी पुष्कळांची पावले तिकडे वळतील, तेव्हा या बाबतीतल्या चार गोष्टी आधीच कानांवर घालतो.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट गाडीच्या नंबराच्या पाटीची. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे चालकासह मिळणारी टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे स्वतः चालवण्यासाठी रीतसर भाड्याने मिळणारी गाडी. आणि पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे कोणाची तरी घरची गाडी, तुमच्याआमच्या दारात उभी असते तशी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली १९८९ साली ‘रेंट-अ-कॅब’ योजना निघाली. भाड्याने द्यायच्या गाड्यांचा परवाना, कागदपत्रे, सारे तिच्यात आले. पण गोव्यात पांढऱ्या पाटीच्या गाड्याही सर्रास भाड्याने फिरतात. स्टेशनाबाहेर किंवा हॉटेलच्या फाटकाशी एखादा हसतमुख तरुण तुम्हांला गाठतोच.

“काका, काळी पाटी कशाला हवी? ही बघा, नवी कोरी गाडी. दिवसाला तीनशे कमी घेईन. पोलिसानं विचारलंच तर मित्राची आहे म्हणून सांगायचं.”

“आणि मित्राचं नाव काय सांगू?” मी एकदा विचारले.

तो मनापासून हसला. पण नाव काही त्याने सांगितले नाही.

हे तीनशे रुपये वाचवण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. माणसे पोलिसाच्या दंडाचा हिशेब करतात आणि ‘बघू, पकडले तर पकडले’ म्हणून निघतात. पण प्रश्न दंडाचा नाहीच, विम्याचा आहे. खासगी गाडीच्या विम्याच्या कागदावर बारीक अक्षरांत स्पष्ट लिहिलेले असते की, ही गाडी भाड्याने देण्यासाठी नाही. दिली आणि अपघात झाला, तर कंपनी हात वर करू शकते.

तीन वर्षांमागे शिवोलीहून आसगावकडे येताना हे मी डोळ्यांनी पाहिले. संध्याकाळची वेळ. पाव विकणारा पोदेर सायकलीच्या मागे भली मोठी टोपली बांधून, पों-पों करीत चालला होता. वळणावर समोरून आलेल्या गाडीचा त्याला धक्का लागला. पाव रस्ताभर पसरले आणि पोदेर पाय धरून खालीच बसला. गाडीत पुण्याची चार मुले होती, चांगल्या घरची. पळून गेली नाहीत, दारू प्यालेली नव्हती. त्यांनीच त्याला उचलून गाडीत घातले आणि म्हापशाला इस्पितळात नेले. रस्ता दाखवायला मी बरोबर गेलो. नडगीचे हाड मोडले होते. पाटी अर्थातच पांढरी. मुलांनी मालकाला फोन लावला, तर पलीकडून पहिले वाक्य आले, “भाड्यानं घेतली असं कुठं बोलू नका हं. मैत्रीत दिली म्हणा.”

त्यांतला एकजण माझ्याकडे वळून म्हणाला, “काका, पण विमा आहे ना गाडीचा?”

विमा होता. हप्ता भरलेला होता. खरे सांगावे तर तो लागू होईल याची खात्री नाही, आणि खोटे सांगावे तर चौघांनी शेवटपर्यंत एकच खोटे सांगत राहायचे, अशा पेचात ती पोरे सापडली. अखेर खिशातले आणि घरून मागवलेले पैसे पोदेराच्या भावाच्या हातांत ठेवून त्यांनी तात्पुरती तडजोड केली. ते पैसे उपचारांना पुरले की नाही आणि किती महिने त्याची सायकल भिंतीला टेकून राहिली, हे मला ठाऊक नाही. तेव्हापासून ‘काळी पाटी’ हा आमच्या घरात वादाचा विषय राहिलेला नाही.

काळी पाटी दिसली म्हणजे झाले असेही नव्हे. ‘एमपरिवहन’ नावाची सरकारी सोय मोबाइलवर घेता येते. तिच्यात गाडीचा नंबर घातला की वाहनाचा वर्ग कोणता, विमा कधीपर्यंत आहे, हे समोर येते. दोन मिनिटांचे काम आहे. पैसे हातावर ठेवण्यापूर्वी करावे. काही मालक अनामत म्हणून तुमचा मूळ परवानाच ठेवून घेऊ पाहतात. तो देऊ नये. गाडी तुम्ही चालवणार, परवाना त्याच्या गल्ल्यात, हे कसे चालेल? प्रत द्यावी, अनामत रोख अगर मोबाइलवरून द्यावी आणि ती किती, परत केव्हा, हे कागदावर लिहून घ्यावे. मग गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून मोबाइलवर चित्रण करावे. टपसुद्धा सोडू नये. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आहे का, पेट्रोलचा काटा कुठे आहे, हेही त्यात यावे. ही प्रदक्षिणा उन्हात घालावी. रात्री दिव्याखाली ओरखडे दिसत नाहीत, ते सकाळी दिसतात आणि तोवर ते तुमचे झालेले असतात.

पेट्रोलच्या बाबतीत तिथली रीत अशी की, गाडी बहुधा जवळजवळ रिकाम्या टाकीने मिळते आणि तशीच परत द्यायची. म्हणून पहिला प्रश्न ‘पंप कुठे?’ हा. आणि दोन दिवसांसाठी उत्साहाच्या भरात टाकी भरू नये. उरलेले पेट्रोल म्हणजे मालकाला दिवाळीची भेट.

मोठे रस्ते आता प्रशस्त आहेत. मांडवीवर २०१९ साली अटल सेतू झाला, जुवारीवरही नवा पूल आला. कसोटी लागते ती गावांतल्या वाटांवर. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मधून एकच गाडी जाईल एवढा रस्ता, आणि वळणापलीकडून भरधाव येणारी खासगी बस. ओरखडे काढण्याचे निम्मे श्रेय या गडग्यांना आहे. तेव्हा मोठ्या गाडीचा सोस नको. चौघांना लहान गाडी पुरते. वळणावर हॉर्न द्यावा. नकाशा एखाद्या पाणंदीत शिरायला सांगू लागला, तर खाली उतरून दारातल्या आजीला विचारावे. ती रस्ता सांगते आणि वर “सवकास वच” असेही सांगते. सवकास म्हणजे सावकाश.

किनाऱ्यावर वाळूत मात्र गाडी मुळीच नेऊ नये. तिथे बंदी आहे, आणि बंदी नसती तरी नेऊ नये. भरती चढत असताना रुतलेली गाडी काढणे हा बघ्यांचा करमणुकीचा विषय असतो. तुमची अनामत त्यात बुडते. उर्राक-फेणीचा बेत असेल त्या संध्याकाळी गाडी उभी करून ठेवावी आणि मोटारसायकलवाल्या ‘पायलट’ला बोलवावे. मोटारसायकलीचा पुढचा मडगार्ड पिवळा असतो, त्यावरून तो ओळखू येतो.

आता माझ्या आवडीची गोष्ट. पुष्कळ करारपत्रांत ‘गाडी राज्याबाहेर नेऊ नये’ असे कलम असते. एरवी ते कोणाला आडवे येत नाही, पण तेरेखोलला जाताना येते. १९५४ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रह्यांनी ज्यावर तिरंगा लावला तो हा किल्ला गोव्याचाच. पण नदीच्या उत्तर तीरावर, महाराष्ट्राला चिकटून आहे. किरणपाणीच्या पुलावरून आरोंद्यामार्गे गेलात, तर वाटेत सिंधुदुर्ग जिल्हा लागतो आणि करार मोडतो. केरीहून फेरीबोटीत गाडी चढवलीत, तर नदी ओलांडूनही तुम्ही गोव्यातच! निघण्यापूर्वी ओहोटीची आणि बोटीच्या वेळांची चौकशी तेवढी करावी. बोटीवर गाडी हळू चढवावी, गियरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा आणि खाली उतरून कठड्याशी उभे राहावे.

परतीच्या तिकिटावर विमानतळ कोणता ते नीट पाहून ठेवावे. दक्षिणेला दाबोळी, आणि २०२३ पासून पेडण्यात मोपा. काणकोणात मुक्काम आणि विमान मोप्याचे असेल, तर शंभराच्या आसपास किलोमीटर कापायचे असतात. गाडी एकीकडे घेऊन दुसरीकडे द्यायची तर त्याचे वेगळे पैसे पडतात, तेही आधीच ठरवावे. देताना पहिल्या दिवसाचे चित्रण हाताशी ठेवावे. गेल्या खेपेला मालकाने डाव्या दारावर बोट ठेवले, मी मोबाइल पुढे केला. त्याने पाहिले, मान हलवली आणि अनामत मोजून हातावर ठेवली. मागच्या सीटखाली वाळू बरीच साठली होती. ती मात्र आमच्या मंडळींनी आपणहून झाडून दिली.