एक ठिपका की दोन?

मायक्रोस्कोपखाली एखादा चमकता रेणू पाहिला तर तो बिंदूसारखा दिसत नाही, पसरट डाग दिसतो. भिंग कितीही महागातलं घ्या! साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू एकमेकांत मिसळणारच, याचं गणित अ‍ॅबे नावाच्या जर्मन गृहस्थाने १८७३ मध्येच मांडून ठेवलंय.

मग आमच्यासारखे कोडवाले पुढे सरसावतात. एक बिंदू किती आणि कसा पसरतो हे माहीत असेल, तर उलटा हिशेब करून मूळ चित्र काढता येईल की! याला म्हणतात डीकॉन्व्होल्यूशन. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध पद्धत रिचर्डसन (१९७२) आणि लुसी (१९७४) यांनी स्वतंत्रपणे शोधली. लुसी खगोलशास्त्रज्ञ. १९९० मध्ये हबल दुर्बीण वर गेली आणि तिचा आरसा चुकीचा घासलाय हे कळलं, तेव्हा १९९३ च्या दुरुस्तीपर्यंत ही पद्धत फार कामी आली. ताऱ्यांचं गणित पेशींनाही चालतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. कोड म्हणाल तर पायथनमध्ये जेमतेम दहा-पंधरा ओळी.

घोळ पुढेच आहे. ही पद्धत फेऱ्याफेऱ्यांनी चालते. चित्राचा अंदाज करा, तो धूसर करून खऱ्या फोटोशी ताडा, सुधारा, परत तेच. दहा-वीस फेऱ्यांत चित्र मस्त उजळतं. दोनशे केल्या की कमी प्रकाशामुळे आलेली खरखरही 'सुधारते' आणि तिचे टोकदार ठिपके होतात. दिसायला एकदम देखणे!

माझी एक मैत्रीण पीएचडी करतेय. तिच्या फोटोतला प्रोटीनचा एक डाग दोनशे फेऱ्यांनंतर दोन ठिपक्यांत फुटला, आणि पेपरचा सगळा डोलारा त्या 'दोन'वर. "छान आलंय ना?" मी विचारलं, मणी आहेत का लॅबमध्ये? १०० नॅनोमीटरचे चमकणारे प्लास्टिकचे मणी मिळतात. एकटा मणी म्हणजे एकच, त्यात वाद नाही. तितक्याच मंद उजेडात त्यांचे फोटो काढले, त्याच दोनशे फेऱ्या मारल्या. बरेचसे मणीही फुटून दोन झाले.

ती जरा वेळ गप्पच. मग म्हणाली, "गाईडला काय सांगू?"

मला विचाराल तर फेऱ्यांचा आकडा फोटोखालीच छापायला हवा. असो. सध्या ती लेसर वाढवून नव्याने फोटो काढतेय. लेसर वाढवला की रंग लवकर विझतो, ती डोकेदुखी वेगळीच.