वैरणीपुरती उसंत

जात्यावर बसलेली आजी ओवी मधेच सोडायची. मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात टाकायची, वैरण घालायची, आणि मग राहिलेला चरण उचलायची. तेवढ्या वेळातही दगड फिरतच असे. माहेरची वाट, भाऊ, मधली नदी असं सगळं त्या ओव्यांत यायचं. रडणं फारसं नाही. ऐकायला तरी कोण होतं? पहाटे घर झोपलेलं.

गावात पिठाची गिरणी आली आणि जातं पडवीत गेलं. लग्नाची हळद दळायला तेवढं बाहेर निघे. पाच सुवासिनींचे हात एका खुंट्यावर, त्यात दळण कसलं होतंय! पण आई गायची ती आजीच्याच चालीत, मधल्या उसंतीसकट. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये अशा ओव्या छापल्या, पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या संकलनाच्या कामातून लाखाहून अधिक जमल्या. छापील ओवीत मात्र ही उसंत दिसत नाही. तिथे नुसती ओळ संपते.

धाकटी बहीण न्यू जर्सीला गेली, तेव्हा मी गाणं लिहायला घेतलं. आता निरोप धाडायला कावळा लागत नाही, चेहराच समोर दिसतो. ताटातूट उरलीय ती घड्याळात. नोव्हेंबरात तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात आणि आमच्यातले साडेनऊ तास साडेदहा होतात. ती जागची न हलता तासाने लांब जाते. गाणं यावरच लिहिलं. चंद्र आणि आसवं घेतली नाहीत. भावगीतांनी त्यांना आधीच फार राबवलंय.

स्टुडिओत संयोजकाने कानात ठोके मोजणारी क्लिक लावली. त्याचं बरोबरच होतं: मोजलेल्या लयीवर गिटार आज, ढोलकी उद्या वाजवता येते, बिघडलेला तुकडा बदलता येतो. पण गाण्यात उतरलेली आईची उसंत कधी दीड मात्रेची, कधी अडीच. क्लिकच्या हिशेबात ती चूकच ठरते. म्हणून ध्रुवपद नुसत्या तानपुऱ्यावर ध्वनिमुद्रित केलं. ढोलकीवाल्याने नंतर श्वास ऐकत दादरा धरला आणि जिथे गळा थांबला तिथे हात उचलला. गाण्यातलं अंतर मला तिथे ऐकू येतं, शब्दांत त्याहून कमी.

तुमच्या घरात ओवी म्हणणारं कुणी असेल तर फोनवर टिपून घ्या. पंखा बंद करा. आणि म्हणणारं मधेच थांबलं, तर रेकॉर्डिंग बंद करू नका.