रजेचे अर्ज

धाकट्या भावाच्या रजेचे अर्ज मी सहा वर्षे लिहीत आलो. कारण ठरलेले : ज्वर. शाळेत असत्यासाठी मुलांना शासन करणारा मी. परंतु ‘दारू’ हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारीत नसे.

अखेर डॉक्टरांनी इंदुरातील अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेचा पत्ता दिला. सभा खुली असल्याने घरच्या माणसांनाही बसता येत होते. आम्ही मागच्या बाकावर बसलो. फी नाही, उपदेश नाही. एकेक जण उठे, केवळ नाव सांगे आणि म्हणे, “मैं शराबी हूँ।” १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे दोन मद्यपींनी परस्परांना सावरले, त्यातून ही चळवळ उभी राहिली. संकल्प एवढाच, आजचा दिवस घ्यायची नाही.

भाऊ गप्पच होता. परतताना म्हणाला, “दादा, पुढच्या सभेलाही याल ना माझ्याबरोबर?”

दुसऱ्या दिवशी अर्ज लिहावयास बसलो. लेखणी ‘ज्वर’पाशी अडली. कागद त्याच्यापुढे सरकवीत म्हणालो, “आता तूच लिही. सभेला मात्र मी येईन.”