नदीपलीकडचा खेळ

कसबा पेठ आणि टेनिस हे दोन शब्द एका वाक्यात घातले की ऐकणारा आधी हसतो. आमच्या पेठेला खेळाचे वावडे आहे असे मात्र कोणी समजू नये. तालमी आहेत, कबड्डी आहे, आणि गणपतीत ढोल वाजवणारे मनगट तर घरोघर आहे. पण टेनिस? तो खेळ नदीपलीकडचा! डेक्कन जिमखाना, पी.वाय.सी. ही त्याची ठिकाणे. कारण अगदी साधे आहे. टेनिसचे कोर्ट ७८ फूट लांब आणि दुहेरीसाठी ३६ फूट रुंद. पुण्याच्या या सर्वांत जुन्या पेठेत एवढी मोकळी जागा असती, तर तिथे आधी वाडा उठला असता आणि मग वाडा पाडून इमारत! आमच्या चौकात फार तर सर्व्हिसचा एक चौकोन मावेल, २१ फूट बाय साडेतेरा फूट. तोही तुळशीवृंदावन हलवले तर.

आमचे घर तांबट आळीत. वडील तांब्याची भांडी घडवतात. भांड्यावर हातोड्याचे ठोके शेजारी शेजारी, एकसारखे बसवत जायचे, याला आमच्याकडे मठारणे म्हणतात. त्या ठोक्यांच्या तालावरच मी वाड्याच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारायला शिकले. रॅकेट मावसभावाची, त्याने टाकून दिलेली. आजी ओट्यावरून म्हणायची, "अगं, भिंतीशी कसली भांडतेस? ती काय हरणार आहे?" आजीचे म्हणणे खरेच होते. भिंत कधी हरत नाही. पण ती कधी शाबासकीही देत नाही आणि आपली जोडीदारही होत नाही.

जोडीदार मिळाल्या त्या महाविद्यालयात. क्रीडा विभागाच्या फलकावर 'मुलींचा टेनिस संघ' अशी सूचना लागली आणि तिच्याखाली मोजून तीन नावे पडली. एक कोथरूडची, लहानपणापासून शिकवणी घेतलेली. ती अर्थातच आमची 'एक नंबर'. दुसरी मी. आणि तिसरी वसतिगृहात राहणारी, बार्शीची. तिला एकेरीत कोणी धरलेच नव्हते. "मला दुहेरीत ठेवा," ती सरांना म्हणाली, "आमच्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे दुहेरीतच ऑलिंपिकला गेली!" आणि ते खरे आहे. २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर दुहेरीचे कांस्यपदक आणि २०१६ साली रिओ, असा तिचा प्रवास. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून ती रिओला गेली, तिथे कसब्याहून डेक्कनला जाणे म्हणजे ते काय!

कला शाखेच्या मुलींना टेनिस परके वाटते, हे मला कधीच पटलेले नाही. एकदा संस्कृतच्या बाईंनी तासाला पंडिता क्षमाबाई राव यांचा विषय काढला. क्षमाबाई १८९० साली पुण्यात जन्मल्या. थोर विद्वान शंकर पांडुरंग पंडित यांच्या त्या कन्या. त्यांनी संस्कृतात 'सत्याग्रहगीता' लिहिली, हे आम्हाला परीक्षेपुरते ठाऊक होते. पण त्या स्वतः टेनिस खेळत आणि त्यांच्या कन्या लीला राव यांनी १९३४ साली विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकला, असा सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री, हे ऐकल्यावर वर्गात आम्ही तिघी एकमेकींकडे पाहतच राहिलो. एका हातात श्लोक आणि दुसऱ्या हातात रॅकेट! नव्वद वर्षांपूर्वी हे जमत होते, तर आज न जमायला काय झाले?

टेनिस हा एकट्याचा खेळ, असे सगळेच म्हणतात. महाविद्यालयीन टेनिस मात्र तसे नाही. आपल्या महाराष्ट्राची ऋतुजा भोसले अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकली आणि तिथल्या मुलींच्या संघातून खेळली. तिथे नियमित हंगाम संपला की मे महिन्यात राष्ट्रीय स्पर्धेच्या बाद फेऱ्या लागतात. ६४ संघ, हरला तो घरी. आधी दुहेरीचे तीन सामने, त्यांचा मिळून एकच गुण. मग एकेरीचे सहा सामने, प्रत्येकाचा एक गुण. सातांतले चार आधी मिळवील तो संघ विजयी. गंमत अशी की सहाव्या क्रमांकाच्या मुलीचा गुण पहिलीच्या गुणाइतकाच भारी. आणि चौथा गुण झाला की बाकीचे सामने आहेत तिथेच थांबतात. पुढे असलेल्या मुलीचाही सामना 'अपूर्ण' म्हणूनच नोंदला जातो. ऋतुजा तिथून बाहेर पडल्यावर काही वर्षांनी, २०२४ साली, त्या संघाने जॉर्जियाला ४-१ असे हरवून पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. ऋतुजानेही २०२३ च्या हांगझौ आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण घेतले; तेही पहिला सेट २-६ असा गमावून.

आमची स्पर्धा यापुढे अगदीच चिमुकली. दोन एकेरी, एक दुहेरी, तिघींचा संघ. शहर विभागातून आम्ही कशाबशा पुढच्या फेरीला पात्र ठरलो. आमच्यापैकी दोघींचे हे शेवटचे वर्ष. सर सामन्याआधी एवढेच म्हणाले, "पुढच्या वर्षी एकटीचा संघ होत नसतो. तेव्हा आज मनासारखे खेळून घ्या."

पहिल्या एकेरीत आमची एक नंबर हरली. प्रतिस्पर्धी खरोखरच सरस होती. मग माझा सामना. त्या दिवशी वडील पहिल्यांदाच खेळ पाहायला आले होते. दुकान बंद ठेवून, इस्त्रीचा सदरा घालून. पंधरा, तीस आणि मग एकदम चाळीस हा हिशोब त्यांना काही केल्या पटेना. शेजारी बसलेल्या बार्शीकरणीला त्यांनी विचारले म्हणे, "मधले पाच कोणी खाल्ले?" मी तीन सेटमध्ये जिंकले. बाहेर आले तेव्हा त्यांनी रॅकेट हातात घेतली, तारा बोटांनी दाबून पाहिल्या आणि म्हणाले, "दुसऱ्या डावात आवाज चुकत होता. तिसऱ्यात बरोबर मधोमध बसायला लागला." खेळातले ओ की ठो न कळणाऱ्या माणसाने माझ्या खेळाचे इतके अचूक परीक्षण आजवर केले नव्हते. हातोडा नीट बसला की नाही, हे तांबट आधी कानाने ओळखतो.

आता सारे दुहेरीवर. आमची एक नंबर आणि बार्शीकरीण कोर्टावर, मी बाहेर. खेळण्यापेक्षा बाहेर बसणे किती अवघड असते ते तेव्हा कळले! जिला कोणी धरले नव्हते ती नेटजवळ उभी राहून चेंडू अडवत होती, एकेरी हरून खचलेल्या जोडीदाराला दर गुणानंतर काहीतरी सांगून हसवत होती. सेट एक-एक झाले. निर्णायक टायब्रेकरमध्ये आठ-आठ! आणि मग दोन चेंडू, फक्त दोन, आमच्या विरुद्ध गेले. सामना संपला. स्पर्धा संपली. आमचा संघही संपला.

रडलो, नाही असे नाही. पण ऐंशीपैकी ऐंशी मुली जिथे 'मला काय जमणार' म्हणतात, तिथे दोन चेंडूंच्या अंतरापर्यंत जाता येते, हे आम्ही पाहून आलो. २०२५ च्या एप्रिलमध्ये बालेवाडीला बिली जीन किंग चषकाचे सामने झाले, तेव्हा आम्ही तिघी प्रेक्षकांत होतो. भारताच्या मुली देशासाठी खेळतानाही पद्धत तीच: दोन एकेरी, एक दुहेरी. बाकावर बसलेली खेळाडू प्रत्येक गुणाला उठून उभी राहत होती. तिचे उठणे आम्हाला फार ओळखीचे वाटले.

घरी आता रॅकेट खुंटीला लागेल की हातात राहील, याचा निर्णय व्हायचा आहे. आई म्हणते, "पदवी झाली, आता पुरे." वडील काही बोलत नाहीत, मात्र रॅकेटला नव्या तारा घालायला किती पडतात, हे त्यांनी परवा विचारून घेतले.

असो. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बार्शीकरीण शेवटच्या वर्षात असेल आणि एकटी असेल. मैत्रिणींनो, जूनमध्ये फलकावर पुन्हा ती सूचना लागेल. खाली दोन नावे हवी आहेत. शिकवणी नसली तरी चालेल, रॅकेट मागून आणलेली चालेल, पेठ कोणतीही चालेल. भिंतीवर शिकलात तरी चालेल. मात्र भिंतीपाशीच थांबू नका.