घड्याळानं कुठे थांबावं?

1980 च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये 15 किलोमीटरच्या क्रॉस-कंट्री स्की शर्यतीत स्वीडनच्या थॉमस वासबर्गला 41 मिनिटं 57.63 सेकंद लागले आणि फिनलंडच्या युहा मिएटोला 41 मिनिटं 57.64. सुवर्ण आणि रौप्य यांच्यात एका शतांश सेकंदाचा फरक! त्यानंतर आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं अशा लांब पल्ल्याच्या, एकेक करून सुटायच्या शर्यतींचा निकाल दशांश सेकंदापर्यंतच द्यायचं ठरवलं. घड्याळं अधिकाधिक सूक्ष्म होत असताना या खेळानं हातातला एक अंक जाणूनबुजून सोडून दिला. मला हा निर्णय मोजमापाच्या शास्त्राला धरून वाटतो. सर्वांना परिस्थिती जितकी सारखी मिळाली असेल, त्याहून बारीक निकाल देण्याचा हक्क कुठल्याच घड्याळाला नसतो.

साधा हिशेब करून पाहू. वासबर्गचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे 6 मीटर होता. म्हणजे एका शतांश सेकंदात त्यानं जेमतेम 6 सेंटीमीटर कापले. दमलेला स्कीपटू अंतिम रेषेवर येतो, तेव्हा त्याचा एक पाय पुढे घसरत असतो आणि दुसरा मागे रेटा देत असतो. रेषा नेमकी कुठल्या पावलाच्या कुठल्या क्षणी आली, एवढ्यावरच 6 सेंटीमीटरहून कितीतरी जास्त फरक पडू शकतो. त्यात या शर्यतीत स्कीपटू साधारण अर्ध्या मिनिटाच्या अंतरानं सुटतात, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला बर्फही वेगळं येतं. ढग सरकून ऊन पडलं की बर्फाचं तापमान बदलतं, आणि सकाळी ताडून पाहून स्कीला लावलेलं मेण तितकंसं चालेनासं होतं. आधीच्या स्कीपटूंनी घासून चाकोरी गुळगुळीत केलेली असते किंवा ताज्या हिमानं ती मंद झालेली असते. चाळीस मिनिटांच्या झुंजीत यातून पडणारा फरक शतांशांत मावणारा नाही. 57.63 आणि 57.64 हे आकडे घड्याळानं अचूक टिपले असतील; पण वासबर्ग मिएटोपेक्षा सरस होता, असं त्यांवरून म्हणता येत नाही.

भारतीय वाचकाचा पहिला आक्षेप मला ठाऊक आहे. 1984 मध्ये लॉस एंजेलिसला 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाचं कांस्यपदक एका शतांशानंच हुकलं; मग तिला एक न्याय आणि बर्फावरच्यांना दुसरा का? कारण उषा आणि तिच्या प्रतिस्पर्धी एकाच इशाऱ्यावर, एकाच हवेत धावल्या. रेषेवर कोण आधी पोचलं हे छायाचित्रात दिसत होतं. तिथे शतांश म्हणजे डोळ्यांना दिसलेला क्रम होता. स्कीइंगमध्येही सगळे एकदम सुटतात तेव्हा हाच न्याय लागतो. 2018 च्या प्याँगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या किकन रँडल आणि जेसी डिगिन्स यांनी सांघिक स्प्रिंटमध्ये स्वीडनला 0.19 सेकंदानं मागे टाकलं, आणि त्या निकालाबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे: दशांशालाही कडा असतेच, आणि त्या कडेवर कुणीतरी एका शतांशानं हरणारच. खरं आहे. कुठेही रेघ ओढली तरी तिच्या अल्याड-पल्याड कुणीतरी उभं असतं. पण शास्त्रात आकडा तोडतात तो अन्याय संपवण्यासाठी नव्हे, ज्याला अर्थ नाही असा अंक निकालात शिरू नये म्हणून. दशांशात 60 सेंटीमीटर कापले जातात, आणि निदान एका पावलाची नशिबाची गोष्ट त्यात सामावते. पोहण्याच्या खेळानंही हे स्वीकारलं आहे. 1972 च्या म्युनिकमध्ये 400 मीटर मिडलेत गुन्नार लार्सननं टिम मॅकीला 0.002 सेकंदानं हरवलं, आणि पुढे तिथले निकाल शतांशावर थांबवले गेले. स्कीइंगमध्ये अजूनही विसंगती उरली आहेच: स्प्रिंटच्या पात्रता फेरीत स्पर्धक एकेक करूनच सुटतात, तरी निकाल शतांशात लागतो. ती शर्यत तीनेक मिनिटांची, म्हणून फरकाला वाव कमी. तरीही पुढच्या फेरीत नेणाऱ्या शेवटच्या, तिसाव्या जागेसाठी तिथेही दशांशच पुरेसा मानावा, असं माझं मत आहे.

विजेता एकच हवा, या हट्टाला उत्तर प्याँगचांगमध्येच मिळालं. महिलांच्या 10 किलोमीटर शर्यतीत नॉर्वेची मारिट ब्यॉर्गेन आणि फिनलंडची क्रिस्टा पार्माकोस्की या दोघींची वेळ 25 मिनिटं 32.4 सेकंद लागली, आणि कांस्यपदकं दोन दिली गेली. पुढचा अंक काढून त्यांतली एक वगळता आली असती. पण त्या अंकात कोण सरस हे लिहिलेलं नव्हतं.