कौलांखालचा सारंग

मिरजेचा उन्हाळा माणसांच्या आधी वाद्यांना कळतो. होळी होऊन हवा कोरडी पडली की तबल्याची पुडी आकसते आणि तबला चढतो. त्याच उष्म्यानं तानपुऱ्याच्या तारा सैलावतात आणि तानपुरा उतरतो. एक वर चाललेला, दुसरा खाली, आणि गाणारा दोघांच्या मधे मांडी घालून बसलेला. एप्रिल-मेमधल्या कुठल्याही बैठकीत पहिली दहा-पंधरा मिनिटं हातोडीची ठकठक आणि मण्यांची सरकवासरकव ऐकण्यात जातात, त्याचं कारण हे आहे. बाहेरगावचा श्रोता घड्याळ बघायला लागतो. मिरजकर बघत नाही. त्याच्या लेखी कार्यक्रम कधीच सुरू झालेला असतो.

या गावात आडनावच ‘सतारमेकर’ असतं, तेव्हा हे व्हायचंच. मूळची ही शिकलगार घराणी. शस्त्रं घडवायची, त्यांना धार लावायची. लढायांचे दिवस सरले, हाताला काम उरलं नाही, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करता करता ती स्वतः घडवायला घेतली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात, तूण लाकडाची दांडी जोडली जाते, आणि घोडी घासून जवारी काढण्याचं काम शेवटी कुणा म्हाताऱ्या कारागिराच्या कानावर सोडलेलं असतं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीत त्याचे पेढे वाटले गेले असतील, पण तुमच्या तानपुऱ्याची जवारी बसली आहे, हे तिथला कारागीर मानांकनावरून ठरवत नाही.

बाकीचा इतिहास मिरजकर पाहुण्याला चहा येण्याआधीच सांगून टाकतो. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णू दिगंबर पलुसकर इथंच शिकले. अब्दुल करीम खाँ इथं राहिले, इथल्याच दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. हिराबाई बडोदेकर १९०५ साली इथं जन्मल्या, आणि त्याच वर्षी नारायण राजहंस हा मुलगा, म्हणजे पुढचे बालगंधर्व, इथंच किर्लोस्कर मंडळीत आला. इथल्या जुन्या हंसप्रभा थिएटरच्या जागेवर आता पालिकेचं बालगंधर्व नाट्यगृह उभं आहे. देशभरातली पोरं ‘प्रारंभिक’ ते ‘विशारद’ अशा ज्या परीक्षा देतात, त्या घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाचा परीक्षांचा कारभारही मिरजेतूनच चालतो. एवढं सगळं खरं असूनही गावात फिरताना कानावर पडतो तो रिक्षांचा आणि जंक्शनवरच्या गाड्यांचाच आवाज. पाट्यांवरून गाव गाणारं ठरत नाही. ते कळायचं तर मे महिन्यात, रविवारी सकाळी, एका जुन्या वाचनालयाच्या सभागृहात जाऊन बसावं लागतं.

त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढं येईलच.

सभागृह म्हणजे तरी काय? दगडी भिंती, वर सागवानी कैच्या, त्यावर मंगळुरी कौलं. खाली शहाबादी फरशी. कमरेएवढ्या उंचीचं रंगमंच म्हणावं असं व्यासपीठ. त्यावर पूर्वी हौशी मंडळींची नाटकं व्हायची, त्यातला एक रंगवलेला राजवाड्याचा पडदा अजून मागं गुंडाळून टांगलेला आहे. पुढं सतरंज्या, मागं लोखंडी खुर्च्या. दोनशे माणसं सुखानं बसतात, अडीचशे बसली तर एकमेकांच्या घामाची ओळख होते. ध्वनिशास्त्र वगैरे विचारून कुणी ते बांधलेलं नाही. पण कौलांच्या फटींमुळे आवाज घुमत नाही आणि दगडामुळे मरतही नाही. खर्जातला षड्ज मागच्या खुर्चीपर्यंत जसाच्या तसा पोचतो. लाखो रुपये खर्चून उभ्या केलेल्या नाट्यगृहांत मला हे सुख क्वचितच मिळालं आहे.

मेमधल्या चार रविवारी इथं गाणं असतं. पत्रिकेवर काहीतरी भारदस्त नाव छापलेलं असतं, पण गावात त्याला ‘रविवारचं गाणं’ एवढंच म्हणतात. वेळ सकाळी साडेआठची. गाणं म्हटलं की संध्याकाळ, हा जगाचा रिवाज; मग इथं सकाळ का? त्यामागं कुणाचं संगीतविषयक चिंतन नाही. मे म्हणजे लग्नसराई. संध्याकाळी सभागृह स्वागतसमारंभाला भाड्यानं जातं, वर्षभराचं वीजबिल आणि शिपायाचा पगार त्याच महिन्यात सुटतो. दुपारनंतर ठेवावं तर पूर्वेकडून वळीव कधी चढून येईल त्याचा नेम नाही, आणि कौलांवर वळीव कोसळायला लागला की गाणं कुणाला ऐकू जायचं? वीजकपातीच्या वर्षांत तर भारनियमनाचं वेळापत्रक बघूनच पत्रिका छापायला जायची. राहता राहिली सकाळ.

पहिला अर्धा तास क्लासच्या मुलांचा. गांधर्वच्या एप्रिल-मेच्या परीक्षांची तयारी ताजी असते, त्यामुळे ताना पाठ आणि सम चुकण्याची भीतीही ताजी. एखादी ‘मध्यमा’ची मुलगी भूप गाते, तिच्यापेक्षा तिच्या आईचे ओठ जास्त हलतात. हे सगळीकडे सारखंच, त्यावर जास्त लिहीत नाही.

नवाच्या पुढं मुख्य गाणं. गायक कधी धारवाडकडचा, कधी कोल्हापूरचा, कधी पुण्याहून रात्रीच्या गाडीनं आलेला. मानधन पाकिटातलं. उतरणं कुणाच्या तरी घरी. त्या घरच्या बाईंनी आमरस केलेला असतो आणि गाण्यापूर्वी गायक त्याला हात लावत नाही, याचं त्यांना दरवर्षी नव्यानं वाईट वाटतं.

आणि मग पंख्याचा प्रश्न येतो. वर सहा पंखे आहेत, तेही गरगर कमी आणि खडखड जास्त करणारे. विलंबितातला आलाप आणि हे पंखे एकत्र नांदू शकत नाहीत. एकदा एका तरुण गायिकेनं षड्ज लावला, थांबली, आणि विंगेत उभं राहून व्यवस्था बघणाऱ्या आप्पांना म्हणाली, “आप्पा, तेवढे पंखे बंद करायला सांगाल का?”

आप्पांनी सभागृहाकडे बघितलं. “अहो ताई, माणसं उठून जातील.”

“गेली तर मी लावायला सांगीन परत.”

पंखे बंद झाले. शेवटची पाती कुरकुरत थांबेपर्यंत कुणी बोललं नाही. पहिल्या पाच मिनिटांत कपाळावर घाम, दहाव्या मिनिटाला सदरा पाठीला चिकटलेला. पत्रिकांचे विंझणे झाले, पण तेही हळू, कागद वाजणार नाही अशा बेतानं. ख्याल चाळीस मिनिटं चालला. कुणी उठलं नाही. द्रुत सुरू झाल्यावर आप्पांनी कुणाला न विचारता बटणं दाबली आणि अख्ख्या सभागृहानं सुस्कारा सोडला. तो बंदिशीला दिलेली दाद समजून गायिकेनं मान लववली. तेव्हापासून ख्यालाला पंखे बंद, द्रुताला चालू, असा इथला नियमच पडला आहे. कुठं लिहिलेला नाही, मोडतही कुणी नाही.

मागच्या दाराशी, चपलांच्या कप्प्याजवळ, सतारमेकरांच्या गल्लीतले दोघं-तिघं उभे असतात. ते बसत नाहीत. ते गायकाला ऐकतात असंही मला वाटत नाही, त्यांचा कान तानपुऱ्याकडे असतो. मध्यंतरात त्यांतले एक वयस्कर चाचा व्यासपीठावर चढतात, तानपुरा मांडीवर आडवा घेतात, घोडीवर तारेखाली असलेला सुताचा दोरा अंगठ्याच्या नखानं केसभर पुढं सरकवतात, तार छेडतात, पुन्हा मागं आणतात, पुन्हा छेडतात. तिसऱ्या-चौथ्या वेळेला तो स्वर असा उमलतो की पुढच्या ओळीतल्या माणसांच्या बोलण्याचा आवाज आपोआप खाली येतो. चाचा तानपुरा ठेवून खाली उतरतात. टाळ्यांसाठी थांबत नाहीत, आणि त्यांच्यासाठी टाळ्या वाजवाव्यात हे आम्हालाही कधी सुचलेलं नाही. अब्दुल करीम खाँ स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते, असं सांगतात. या गावात गवई आणि कारागीर यांच्यामधली भिंत कधीच फार उंच नव्हती.

पण या सकाळच्या बैठकांचा खरा लाभ वेगळा आहे, आणि तो अकराच्या सुमारास मिळतो. तोडी होऊन गेलेली असते, एखादा जौनपुरी झालेला असतो. ऊन कौलांवर पुरतं चढलेलं असतं. गायक पाण्याचा घोट घेतो, तानपुऱ्याचा पंचम पुन्हा तपासतो आणि सारंग सुरू करतो.

सारंग हे हिंदुस्थानी संगीतातलं अनाथ कुटुंब आहे. वृंदावनी, मध्यमाद, शुद्ध, मियाँ की, लंकादहन असा केवढा तरी गोतावळा. (गौड सारंग नावाचाच सारंग, मुळात तो कल्याणच्या घरचा.) सगळ्यांची वेळ दुपारची. आणि गाण्याचे कार्यक्रम संध्याकाळचे! यमन, मारूबिहाग, बागेश्री यांना श्रोत्यांची ददात नाही. रात्रीच्या रागांचेही हाल सुरू झालेच आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर उघड्यावरच्या मैफली दहाला आवरतात, मग दरबारी आठ वाजताच हजेरी लावून जातो. पण निदान तो हजेरी तरी लावतो. सारंगाला दारच उघडं नाही. त्याला इतकी वर्षं जगवलं ते आकाशवाणीनं. कारण आकाशवाणीला दुपारही भरावी लागते.

वेळेचं शास्त्र मी आंधळेपणानं मानणारा नाही. दीपकानं दिवे लागतात यावर माझा विश्वास नाही, आणि इथून दक्षिणेला गेलं की कर्नाटक संगीताचे जाणकार वेळेचं बंधन फारसं न पाळता उत्तम गातात. तरीसुद्धा मेमधल्या अकरा वाजता, पंखे बंद असताना ऐकलेला वृंदावनी सारंग आणि थंडगार प्रेक्षागृहात संध्याकाळी सातला ऐकलेला वृंदावनी सारंग ही माझ्या लेखी एक वस्तू नाही. यात गंधार नाही, धैवत नाही. चढताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल. पाच स्वरांचा हा राग मला नेहमी दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या टाकलेल्या घरासारखा वाटतो. गायक रिषभावर येऊन ठेपतो आणि तिथंच राहतो, त्याला कुठं जायची घाई नसते. आपल्यालाही नसते. एवढ्या उन्हात कोण कुठं जाणार? उकाडा कमी होत नाही, पण त्याच्याशी चाललेलं भांडण मिटतं. मला वाटतं, या रागाचं काम तेवढंच असावं.

साडेबाराला भैरवी. तोवर मंडपवाल्याची पोरं संध्याकाळच्या समारंभाच्या मखमली खुर्च्या घेऊन दाराशी येऊन थांबलेली असतात. त्यांतला एक पोरगा मागच्या वर्षी खुर्च्यांची चळत दोन्ही हातांनी धरून भैरवी संपेपर्यंत तसाच उभा होता. त्याला गाणं कळत होतं की खुर्च्या ठेवल्या तर आवाज होईल याची भीती होती, मी विचारलं नाही.

आता नावाची गोष्ट. या सभागृहाला वातानुकूलित करून देण्याची तयारी गावातून शिकून परदेशी गेलेल्या एका सद्गृहस्थांनी दाखवली आहे. त्यांचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. विश्वस्तांत दोन तट पडले आहेत, म्हणून नाव नको. योजना अशी की कौलांखाली छत घालायचं, खिडक्या काचेनं बंद करायच्या, यंत्रं बसवायची. भाडं दुप्पट होईल. भाडं वाढलं की लग्नाच्या तारखांवर कमी अवलंबून राहावं लागेल, मग गाणं संध्याकाळी ठेवता येईल, म्हणजे पुण्या-मुंबईचे मोठे कलाकार येतील. हिशेब चोख आहे. फक्त त्यात सारंग कुठं बसतो ते मला दिसत नाही.

उकाडा काही पवित्र नाही. ऐंशीच्या पुढच्या श्रोत्याला तो बाधतो. गेल्याच वर्षी एका आजोबांना भोवळ आली आणि गाणं थांबवावं लागलं. त्यांना “सोसा, राग चांगला आहे” असं सांगण्याचा अधिकार मला नाही. पण उपाय आहेत. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारता येईल, कैच्यांच्या उंचीवर दोन झरोके पाडता येतील, न वाजणारे पंखे आता बाजारात मिळतात. एवढं करून जे उरेल ते उष्म्याचं. तेवढं राहू द्यावं, असं माझं मत आहे. मोठे कलाकार न आले तरी चालेल. ते डिसेंबरात सगळीकडे भेटतात.

आणि पैसे द्यायचेच असतील तर आधी शाकारणीला द्या. पश्चिमेच्या बाजूची बरीच कौलं फुटली आहेत, दोन वाशे कुजले आहेत, आणि मृग जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लागतो. वाचनालयाची पावती सकाळी नऊ ते अकरा मिळते. रविवारी आलात तर देणगीपेटी दारातच, चपलांच्या कप्प्याशेजारी ठेवलेली असते.