कासची वही

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता पुण्यात वनस्पतिशास्त्राचा संशोधन-गट चालवते. तिचा फोन आला, "बाई, आम्ही सगळे दोन दिवस साताऱ्याजवळ यवतेश्वरला जमतोय. तुम्ही बोलायला या." म्हटलं, सहल दिसतेय. "सहल नाही हो! वर्षभरात काय जमलं नाही, ते एकमेकांना सांगायचं." आमचे हे लगेच म्हणाले, "मग तुला बोलायला भरपूर आहे!"

गंमत राहू द्या, पण पोटात गोळाच आला. डॉक्टरेटसाठी १९८० पासून मी कासला जात होते. १९८४ साली ते काम सुटलं, ते सुटलंच.

हॉटेलच्या हॉलात सतरंजीवर पंधराएक पोरंपोरी. एकीची दोन वर्षांची रोपं बुरशीनं गेलेली. पण सांगताना कुणी लाजत नव्हतं, मला त्याचंच नवल!

दुपारी कासच्या पठारावर गेलो. सप्टेंबर महिना, जिकडेतिकडे तेरडा फुललेला. २०१२ साली कास जागतिक वारशात गेलं. आता तिकीट काढावं लागतं. तेव्हा आम्ही दोघीतिघी आणि गुराखी, बस्स. जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर, त्यात नत्र कमी. म्हणून दवबिंदूचं इवलंसं झाड चिकट पानांवर किडे धरतं. 'सीतेची आसवं' नावाची निळी नाजूक फुलं पाहून कुणाला खरं वाटणार नाही, पण ते झाड ओल्या मातीतल्या बारक्या फुग्यांत चिमुकले जीव ओढून घेतं!

संध्याकाळी माझी पाळी. भाषण सुचेना, म्हणून पिशवीतली जुनी वही काढली. पाच पावसाळे कोणतं फूल कोणत्या तारखेला दिसलं, एवढंच तीत होतं. एक मुलगा उठूनच आला. "बाई, हवामान बदलल्यानं फुलं लवकर येतात का, हे ताडून बघायला अशाच तारखा लागतात!" सगळे मोबाइलवर पान न् पान टिपू लागले. ऑगस्ट १९८४ नंतर कोरं पान.

"पुढे काय झालं?"

"बाळंतपण."

हशा झाला. बुरशीवाली मात्र हसली नाही. जेवणानंतर शेजारी येऊन बसली. "परत का नाही सुरू केलंत?"

"कुणी विचारलं नाही गं. आणि मीही विषय काढला नाही."

तिला जानेवारीत बाळ होणार आहे. माझी विद्यार्थिनी पलीकडेच होती. तिच्या रजेत रोपं कुणी सांभाळायची, ते त्याच रात्री ठरलं.

वही मात्र मी परत आणली. शेवटच्या पानांवर सासूबाईंच्या लोणच्याची प्रमाणं आहेत ना!